मागं वळायची रीत

धुरपताबाईला मुकादमीण कुणी केलं नव्हतं. दूध तापलं की साय आपली आपण वर येते, तशी ती बाराजणींच्या वर आली होती. आणि तिला विचाराल तर तीही हेच सांगायची. मानवतच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस यायला लागला की दिवाळीपासून होळीपर्यंत तिची टोळी रोज सकाळी एका अ‍ॅपे रिक्षात कोंबून गावातून निघायची. पत्र्याच्या शेडात प्रत्येकीपुढं कापसाचा ढीग पडायचा. त्यातली किडक्या बोंडाची कवडी, पाला, पोत्याची सुतळी, डोक्याचे केस, गुटख्याच्या पुड्या वेचून काढायच्या आणि साफ कापूस पाटीत भरून मशिनीकडं धाडायचा. काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. पांढऱ्यात पांढरी सुतळी हुडकायला बसा एक दिवस, म्हणजे डोळ्यांचं कसं पाणी होतं ते कळेल.

शेडात बसल्या तरी बाया शेतातल्यासारख्याच बसायच्या, ओळीनं. ओळीला पातच म्हणायच्या. खुरपायला गेलं की प्रत्येक बाई एक पात धरते. जिची पात आधी संपते तिनं बांधावर टेकायचं नसतं, मागं वळायचं असतं. जी मागं राहिली तिच्या पातीला समोरून हात लावायचा, दोघींची खुरपी मधे एकमेकांना भिडली की मग दोघींनी मिळून उठायचं. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही. नवी नवरी आठ दिवसांत आपोआप वळायला लागते, आणि नाही वळली तर तिच्या माहेराचा उद्धार होतो. शेडातही तेच चालायचं. जिचा ढीग संपला ती शेजारणीच्या ढिगाला हात लावायची, आणि पाच वाजता बाराही ढीग एकदमच संपायचे. टोळीच्या नावावर दिवसाला सत्तर-बहात्तर पाट्या लागायच्या. कुणाच्या किती, हे कुणी विचारत नव्हतं आणि कुणाला सांगताही आलं नसतं.

पातीच्या शेवटी बायनाबाई बसायची. वय पासष्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं पण नजर आलीच नाही. तिचे हातच बघायचे. तिच्या फार तर चार पाट्या होत असतील, वरच्या दोन पातीतून यायच्या. त्यावर कुणी तोंड उघडलं तर धुरपताबाई त्याच तोंडात बोळा घालायची. कारण होतं. धुरपताबाई नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. मुलगा जीवन पोटात, सातवा महिना, वाकलं की डोळ्यांपुढं अंधारी. सासू म्हणायची, सोंग करते. तेव्हा ही बायनाबाई दोन महिने रोज आपली पात संपवून मागं वळली होती. एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. जन्मभर पुरतं असं एखाद्याचं वळणं.

यंदा मालकाचा मुलगा कुठूनसं शिकून आला आणि मॅनेजर दत्तरावानं शेडात येऊन सांगितलं, "तीन दिवस दुपारून ट्रेनिंग हाय. कामात ध्येय कसं ठरवायचं अन् कसं गाठायचं. समद्यांनी बसायचं."

"आमी काय कलेक्टर व्हायलाव का?" धुरपताबाई म्हणाली.

"बसायचं म्हंजी बसायचं, मुकादमीणबाई."

शिकवायला परभणीहून मंजुषा मॅडम आली. पोरगी चांगली होती, हे आधीच सांगून टाकावं, म्हणजे मागून तिच्या नावानं कुणी बोटं मोडायला नको. खुर्ची दिली तर बाजूला सारून बायांत सतरंजीवर बसली. पहिलाच प्रश्न विचारला, "ध्येय म्हणजे काय, सांगा बरं कुणीतरी?"

सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मग शेवटून बायनाबाई बोलली, "माय, आमचं ध्येय म्हंजी पाच वाजायचं."

मॅडमसुद्धा हसली. मग तिनं एक खेळ काढला. फरशीवर लाकडी खुंटी ठेवली आणि रबराच्या तीन कड्या दिल्या. हव्या तेवढ्या लांब उभं राहायचं आणि कडी खुंटीत टाकायची. जेवढं लांब तेवढे गुण जास्त. आपल्याला काय झेपतं ते आपणच ओळखायचं, असा त्यातला धडा.

धुरपताबाई उठली. फरशीवरच्या कापसाच्या धुळीत पायाच्या अंगठ्यानं तिनं रेघ ओढली, उभी राहिली आणि दोन कड्या घातल्या. तिच्यामागून दुसरी उठली, ती त्याच रेघेवर. तिसरीही तिथंच.

"अहो मावशी, आपली जागा आपण ठरवायची," मॅडम म्हणाली.

"ठरविली की. म्होरकी जितं उभी राहिली तितंच पात लागती."

बायनाबाईच्या तिन्ही कड्या खुंटीच्या अलीकडंच पडल्या. तशी धुरपताबाईची सून राजेश्री पुढं झाली, तिन्ही कड्या उचलल्या आणि हातानं खुंटीत घालून जागेवर येऊन बसली.

"असं नाही चालत! त्या कड्या त्यांच्या होत्या."

"पडल्या व्हत्या की, मॅडम," राजेश्री म्हणाली. रस्त्यात पडलेलं लेकरू उचललं म्हणून कुणी रागवावं, तसं तिला वाटलं.

मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते धुरपताबाईला कळलं नाही. तिची शाळा दुसरीतच सुटलेली. आकड्यांशी ओळख राहिली होती, अक्षरांशी बोलणं बंद होतं. दोन दिवस मॅडमनं पुष्कळ समजावलं. ध्येय मोजता आलं पाहिजे. त्याला तारीख पाहिजे. आणि मुख्य म्हणजे ते आपलं स्वतःचं पाहिजे, शेजारणीचं नको. "सगळ्यांचं मिळून जे असतं ना मावशी, ते कुणाचंच नसतं," ती म्हणाली. बोलणं गोड होतं. साखरेत घोळलेली गोळी पोटात गेल्यावरच कळते.

तिसऱ्या दिवशी कार्डं वाटली. प्रत्येकीनं रोजच्या पाट्यांचा आपापला आकडा सांगायचा, मॅडम लिहिणार, खाली अंगठा नाहीतर सही. दत्तराव दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "धुरपताबाई, तोंड तर लय चालतंय तुमचं. हात किती चालतो ते बी कळू द्या. पैला आकडा तुमीच सांगा."

तिथंच घात झाला. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. सहाची सरासरी तिला ठाऊक होती. पण बाराजणींपुढं, सुनेपुढं, दारातल्या त्या बेरकी हसण्यापुढं सहा म्हणायचं?

"नऊ," ती म्हणाली. "लिव्हा. नऊ पाट्या."

"झेपेल का मावशी? जमण्यासारखं असावं ध्येय."

"तुमी लिव्हा बाई. धुरपतीनं बोललेलं माघारी घेतलं, असं कुणी ऐकलंय का?"

पेन पुढं सरकलं. दुसरी म्हणाली नऊ. तिसरी नऊ. म्होरकीनं रेघ ओढली, आता तिच्या अलीकडं उभं राहायचं म्हणजे तिचा अपमान. पेन शेवटाला आलं. "नऊच लिव्ह माय," बायनाबाई म्हणाली. "धुरपी म्हणली ते." मॅडमनं वर बघितलं, त्या पांढऱ्या बुबुळाकडं बघितलं, थांबली, पण दत्तरावानं घाई केली आणि तिनं लिहिलं.

एकटी राजेश्री म्हणाली, "अकरा."

सासूनं मान वळवून सुनेकडं बघितलं. रेघेच्या पुढं पाय टाकणारी ती पातीतली पहिली. मॅडमनं टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी धुरपताबाई ताठ मानेनं घरी गेली. तिचा हिशोब सरळ होता. नऊ तर नऊ, मागं वळू, भरून देऊ. वळायची वाटच कुणी बुजवेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दत्तराव पाट्यांना बांधायला रंगीत फिती घेऊन आला, प्रत्येकीचा रंग वेगळा. "आमाला दिसभर दोरे येचाय लावता अन् तुमीच चिंध्या आणल्या व्हय?" धुरपताबाईनं विचारलं, तसा निमूट गेला आणि रंगाचा डबा आणून पाट्यांवर नंबर घातले. धुरपताबाई एक नंबर, बायनाबाई बारा. आता एकीनं दुसरीच्या ढिगाला हात लावायचा नाही. भिंतीवर मोठा कागद लागला. लिहून दिलेला आकडा झाला की नावापुढं हिरवी टिकली, नाही झाला की लाल.

पहिल्याच संध्याकाळी बायनाबाईच्या नावापुढं लाल लागली. कुणीतरी तिला सांगितलं. ती कागदाच्या अगदी जवळ गेली, नाक टेकेल इतकी, आणि म्हणाली, "बग गं धुरपे. नवरा मेल्याला एकोणीस वर्सं झाली. आता दत्तरावानं टिकली लावली मला."

बाया पोट धरून हसल्या. दत्तरावाचे कान लाल झाले. पातीनं मिळून हसलेलं ते शेवटचं.

त्यानंतर काय झालं ते एका दिवसात झालं नाही, म्हणून कुणाला दिसलंही नाही. आधी भाकरी गोल बसून खायच्या, एकीचा ठेचा दुसरीच्या भाकरीवर जायचा. मग एकेक जण ढिगापाशीच खायला लागली. मग एकीनं पाणी पिणं कमी केलं, उठावं लागतं म्हणून. दोन ढिगांमधे वीतभर फट पडली. मग हातभर पडली. पाच वाजता आता कुणी शेजारणीकडं बघत नव्हतं, सगळ्या भिंतीकडं बघायच्या.

धुरपताबाई तेवढी वळत होती, पण चोरून. पाणी प्यायला उठायची आणि पदराखालून साफ कापूस नेऊन बारा नंबरच्या पाटीत सोडायची. अठ्ठावन्न वर्षांचा देह. स्वतःच्या नऊ भरून वर दीड-दोन पाट्यांचा कापूस काढायचा म्हणजे बोटांची सालं निघायची. बायनाबाईही आता मान वर न करता सातपर्यंत जायची, तरी तिला दोन दिवस हिरवी लागली की तिसऱ्या दिवशी लाल. जन्मभर ताठ चाललेली बाई आपल्याच शेडात मांजरासारखी चालायला लागली.

एका सकाळी राजेश्री भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, पदराखालून किती दिवस देणार?"

"काय देणार?"

"मला दिसायलंय. उद्या दत्तरावाला बी दिसंल."

"दिसू दे. तू मागं वळली अस्तीस तर मला पदर लागला नस्ता."

"मागं वळले तर माझी अकरावी पाटी ऱ्हाती. मी लिव्हून दिलंय."

"कुणी सांगितलं व्हतं तुला अकरा म्हणाया?"

राजेश्रीनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमाला कुणी सांगितलं व्हतं नऊ म्हणाया?"

  अर्धी भाकरी तशीच ठेवून धुरपताबाई उठली.

महिना भरला आणि मॅडम परत आली. कागद हिरवागार दिसत होता, ती खूश झाली. दत्तराव पुढं येऊन म्हणाला, "मालक लय खूश हाईत. मॅडमचं शिकवणं कामाला आलं. पैलं बाराजणी मिळून बहात्तर पाट्या करायच्या. आता एकेक बाई नऊ करायलीय. मागं साठलेला कापूस बी ह्या महिन्यात उरकला, आता रोज येतो तेवढाच हाय. मंग आठजणींत भागतंय की." तो खाकरला. "सोमवारपासून चारजणींनी यायचं न्हाई. ज्यांच्या लाल जास्त त्या."

 आठ नव्वे बहात्तर. एवढा पाढा धुरपताबाईलाही येत होता. दुसरीत तोच शेवटचा शिकवला होता.

"सर, हे असं ठरलं नव्हतं," मॅडम म्हणाली.

"तुमचं काम झालं मॅडम. आता हे आमचं काम."

त्यानं नावं वाचली. तिघींनी आधीच माना खाली घातल्या होत्या. चौथं नाव आलं लक्ष्मीबाईचं. बायनाबाईपेक्षा तिची एक लाल जास्त होती. एकच. धुरपताबाईचा श्वास सुटला. सगळे दिवस पदराखालून नेलेलं कामी आलं. पण तेवढ्यात लक्ष्मीबाई उठून उभी राहिली. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता.

"बायनाक्काच्या पाट्या तिच्या न्हाईत!" ती ओरडली. "धुरपताबाई भरायलीय पदराखालून. समद्यांना ठावं हाय. इचारा की!"

दत्तराव वळला. "खरं हाय का हे, मुकादमीणबाई?"

आता नुसतं नाही म्हणायचं होतं. एक शब्द. बायनाबाई राहिली असती आणि लक्ष्मीबाई गेली असती, आणि खोटं बोलणाऱ्या धुरपताबाईकडं अकराजणींनी बघितलं असतं. तिला खोटं जमलं नाही. वर तिला वाटलं, खरं खडसावून सांगितलं तर पातीला लाज वाटेल, निदान चारजणी तरी उठतील.

"व्हय, भरल्या," ती म्हणाली. "अन् कामून न्हाई भरायच्या? ह्या समद्यांच्या भरल्यात आमी एकमेकींनी. लक्षुमे, तुझा हात मोडला व्हता तवा दीड महिना तुझ्या पाट्या कोण भरत व्हतं गं? अन् तुझ्या बाळंतपणात? बोला की! एकीच्या तरी एकटीच्या हायत का ह्या भिताडावरच्या टिकल्या?"

 एकजण नखातली कवडी काढत बसली. धुरपताबाईनं सुनेकडं बघितलं. पडलेल्या कड्या उचलून जागेवर ठेवणारी ती राजेश्री आपल्या तळहाताकडं बघत होती.

दत्तराव भिंतीपाशी गेला. बायनाबाईच्या नावापुढच्या हिरव्या टिकल्या त्यानं नखानं खरवडून काढल्या, एकेक.

"माझं नाव काढा," धुरपताबाई म्हणाली. "तिला ऱ्हाऊ द्या."

"तुमच्या नावापुढं एक बी लाल न्हाई. तुमाला काढलं तर मालक मलाच इचारंल."

"मंग नऊ म्हणले ते माघारी घेते मी. ऐकलं का समद्यांनी? धुरपती माघारी घेती."

"आता काय उपयोग, बाई," दत्तराव म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तेच जास्त लागलं.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, मी फक्त..."

"तुझं न्हाई बाई. आकडा माझ्या तोंडचा हाय."

बायनाबाई चाचपडत उठली. बारा नंबरची पाटी झटकली आणि पालथी घालून ठेवली, भांडं घासून ठेवावं तशी. "चला," ती म्हणाली, "आता पाच वाजायची वाट बगायला नको." कुणी हसलं नाही. लुगड्याला चिकटलेला कापूस काढत ती भिंतीच्या कडेकडेनं बाहेर गेली.

पाचला अजून तास बाकी होता आणि धुरपताबाईची नववी पाटी अर्धी होती. सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे. तिनं ती भरली.

पुढं हरभरा काढणीला आला. बायनाबाई आता गावातच मिळेल त्या मजुरीला जायची. जिनिंगला सुट्टी होती त्या दिवशी माणिकरावांच्या शेतात बाया निघाल्या, तेव्हा धुरपताबाई न बोलावता त्यांच्यात सामील झाली.  तिनं मुद्दाम बायनाबाईच्या शेजारची पात धरली.

सकाळच्या दवात हरभरा हातानं उपटायचा आणि आपल्या पातीत मागं ढीग घालत जायचं. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट आंब सोललेल्या बोटांना झोंबत होती. तिला ते बरंच वाटलं. तिच्या हातांना आता नऊची सवय लागली होती. सगळ्यांच्या आधी तिची पात संपली. ती वळली आणि बायनाबाईच्या पातीत समोरून शिरली. दोन झाडं उपटली असतील नसतील.

"कोण, धुरपी का?" बायनाबाई वाकलेलीच होती. "राहू दे."

"आगं, रीत हाय."

"व्हती." बायनाबाईनं एक झाड उपटलं, मुळाची माती झटकली. "राग न्हाई बाई माझा. पण उद्या तू हिकडं न्हाईस. आज तू वळलीस की मला सवय लागंल, अन् उद्या दिसभर मी बांधाकडं कान लावून बसंन. त्यापरीस जा तू. माझी पात मीच काढती."

धुरपताबाई पातीतून बाहेर आली. बाकीच्या बाया आपापलं संपवून लिंबाखाली जाऊन बसल्या होत्या. वळून कुणी बघत नव्हतं. "काकू, या की सावलीला," एकीनं हाक मारली, "आपली झाली ना!"

ती गेली नाही. बायनाबाईच्या मागून चालायला लागली, पाय न वाजवता. मागं ठिकठिकाणी हरभरा उभाच राहिला होता. इथं एक झाड, तिथं दोन. हाताला लागलं नाही ते डोळ्यांना कुठून दिसणार. माणिकरावांनी बघितलं तर उद्या हेही काम राहायचं नाही. धुरपताबाईनं ती झाडं हळूच, आवाज न करता उपटली. दोन्ही मुठी भरल्या.

मग ती थांबली. पातीपातीत ढीग पडले होते, प्रत्येकीच्या मागं प्रत्येकीचा. शेत एकाच माणसाचं होतं, खळंही एकच, दुपारी सगळं एकाच गाडीत पडणार होतं. कुठल्याही ढिगात टाकलं असतं तरी कुणी नंबर बघणार नव्हतं. तरीही ती तिथंच उभी राहिली, ऊन वर येईपर्यंत, मुठीत हरभरा धरून. हा कुणाच्या ढिगात टाकायचा, तिला कळेना.